तिच्या खाण्याचा फॉर्म

दुसरं मूलही तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा आमच्या लग्नाला साडेतीन वर्षं झाली होती. दवाखाना शाहूपुरीत आणि घर गडमुडशिंगीत. एरवी आम्ही स्कूटरवरनं जायचो, त्या दिवशी बायकोला घरी न्यायला मी रिक्षा केली. रिक्षातलं मला एवढंच आठवतं की मला सारखी झोप येत होती, आणि असल्या वेळी झोप यावी याची लाज वाटत होती.

पंधरा दिवसांनी डॉक्टर मॅडमकडे परत गेलो. पन्नाशीच्या बाई, बोलणं तुटक. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन आठ होतं.

"सहा महिने तरी घाई करू नका," त्या म्हणाल्या. "दिवस गेल्यावर खायला सुरुवात करून भागत नाही. त्याच्या आधीपासून अंगात काहीतरी पाहिजे. हिच्याही आणि तुमच्याही." मग बायकोकडे बघून त्यांनी विचारलं, "अंडं चालतं का?"

"न्हाय, आमच्यात चालत न्हाय," ती म्हणाली.

आम्ही दोघंही लिंगायत, गळ्यात लिंग बांधणाऱ्या घरातले. तिचं माहेर सीमेकडचं, घरात निम्मं कानडी. आमच्यापेक्षा तिकडं सोवळं जास्त. मी टेबलावरच्या काचेखालच्या कागदाकडं बघत बसलो. शिरोलीला माझ्या फाउंड्रीच्या गेटबाहेर ऑम्लेट-पावाचा एक गाडा लागायचा. लग्नाच्या आधीपासून मी आठवड्यातून तीन-चार दिवस तिथं खात होतो. घरी कुणाला माहीत नव्हतं.

मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला विचारलं, "तुमच्याकडं इंटरनेट आहे का?"

ऑफिसात होतं. मी डिस्पॅच क्लार्क होतो. मालाच्या ऑर्डरी ई-मेलनं यायला लागल्यापासून आमच्या खोलीत एक कॉम्प्युटर आला होता. टेलिफोनची तार काढून त्याला जोडली की किरकिर करत लाईन लागायची, आणि तोवर ऑफिसचा फोन बंद. मॅडमनी चिठ्ठीवर एका वेबसाईटचा पत्ता लिहून दिला. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाची ती साईट होती. मूल होऊ द्यायच्या आधी नवराबायकोनं काय खावं हे ती सांगायची, दर आठवड्याला प्रश्न विचारायची आणि उत्तरं बघून पुढचा सल्ला द्यायची. "दोघांचं नाव घाला," मॅडम म्हणाल्या, "आणि खरं खरं भरा."

पाच वाजता साहेब गेले की मी बसायचो. ही दोन हजार चार-पाचची गोष्ट. माझं शिक्षण मराठीतनं झालेलं, त्यामुळे पहिल्या दिवशी अर्धा तास तर डिक्शनरी उघडण्यात गेला. पालेभाज्यांच्या यादीत मेथी, शेपू, पोकळा यातलं काही नव्हतं. भाकरी नव्हती. शेवटी भाकरीसाठी मी तपकिरी पाव निवडला, पोकळ्यासाठी पालक, आणि हुलग्याच्या माडग्यासाठी सूप. खर्ड्याला, म्हणजे मिरचीच्या ठेच्याला, काही सापडलं नाही, तो सोडून दिला.

माझा फॉर्म मी खरा भरला. अंडी किती, तर आठवड्याला चार. तंबाखू, होय. चहा, सहा कप. तिकडं परदेशात कोण बघणार होतं. मग तिचा फॉर्म उघडला. तिनं काल सकाळी काय खाल्लं? किती वाजता? दुपारी काय? भाजी किती, दूध किती, फळ कोणतं? मला काहीच सांगता येईना. साडेतीन वर्षं एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं.

म्हणून त्या दिवसापासून घरी गेल्यावर मी तिला रोज विचारायला लागलो, "जेवलीस का?"

"जेवलो की," ती म्हणायची. आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात, जेवलो, आलो, गेलो.

तेवढ्यावर मी फॉर्म भरायचो. घरात जे शिजलं होतं ते सगळं तिनंही खाल्लं असणार, असा माझा हिशेब. सकाळी भाकरी आणि दूध. दुपारी भाकरी, आमटी, भाजी, भात. संध्याकाळी शेंगदाणे, म्हणजे घरात शेंगदाणे होते. फळ रोज लिहायची भीड वाटायची, म्हणून एक दिवसाआड केळ. दर आठवड्याला साईटवरनं पत्र यायचं. तुमच्या पत्नीची प्रगती उत्तम आहे. एक आलेख असायचा, त्यातली हिरवी रेघ वर वर चढत होती. माझी रेघ मात्र खालीच लोळायची आणि तंबाखूबद्दल मला दर वेळी एक परिच्छेद यायचा.

मला त्या हिरव्या रेघेचं बरं वाटायचं, हे कबूल करतो. दिवसभर कास्टिंगच्या पेट्या मोजून, ट्रकवाल्यांशी वाद घालून डोकं उठलेलं असायचं. तिथं निदान एक गोष्ट सुधारत होती.

तीन महिन्यांनी आलेखाची प्रिंट काढून मी मॅडमना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा वर सारून ती नीट पाहिली. मग रक्ताचा नवा रिपोर्ट पाहिला. आठ पूर्णांक दोन.

"कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या. "रक्त वेगळं सांगतंय." त्यांनी बायकोला विचारलं, "सकाळी काय खाता?"

"चहा."

"चहाबरोबर?"

"काय न्हाय. सकाळी टाईम कुठं असतोय? धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, मग भाकऱ्या."

"दूध पिता का?"

"समदं डेअरीला जातंय. चहापुरतं ठेवतो."

"आणि गोळ्या?"

"त्यानं पोटात ढवळतंय. रिकाम्या पोटी घेतल्या की जास्तच."

मॅडमनी माझी प्रिंट टेबलावर उलटी ठेवली. मला रागवल्या नाहीत. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर स्कूटरजवळ ती थांबली. "ह्यो कागद कसला?" तिनं विचारलं. मी सांगितलं. सगळंच सांगितलं, तिच्या नावानं तीन महिने मीच भरत होतो हेसुद्धा.

"मला इचारायचं तरी."

"रोज विचारत होतो की."

"जेवलीस का म्हणून इचारत हुता," ती म्हणाली. "काय जेवलीस म्हणून कवा इचारलंसा?"

मी स्कूटरला किक मारली. पहिल्या दोन किकला ती सुरूच झाली नाही.

पुढच्या सोमवारी मला आठवड्याची सुट्टी होती. बायको सकाळी आपणहून म्हणाली, "चला, तुमचा तो फॉर्म दावा मला." ऑफिसात तिला नेता येत नव्हतं, म्हणून राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत गेलो. तिथं प्लायवूडच्या खोक्यांसारख्या केबिनी होत्या आणि त्यांना पडदे. सगळी कॉलेजची पोरंपोरी. कॅफेवाल्यानं तिच्या डोक्यावरच्या पदराकडं आणि माझ्याकडं दोनदा बघितलं आणि एक केबिन दाखवली. एका खुर्चीवर ती बसली, मी स्टूल ओढून घेतलं, आणि पडदा तिनंच पूर्ण उघडा ठेवला.

बारावीपर्यंत शिकलेली होती ती. इंग्रजी अक्षरं वाचायची, अर्थ मी सांगायचो. पण पान उघडलं ते माझं. दोघांची नावं एकाच खात्यात होती. ती एकेक ओळ वाचत खाली आली आणि थांबली.

"एग्ज म्हंजे अंडी न्हवं?"

"हां."

"चार?"

"आठवड्याला."

"कवापासनं?"

"लग्नाच्या आधीपासनं," मी म्हणालो.

ती पडद्याच्या कड्यांकडं बघत राहिली. शेजारच्या केबिनमध्ये कुणीतरी हसत होतं. मला वाटलं, आता ती उठून जाईल. ती म्हणाली, "मला मॅडमनी इचारलं तवा तुम्ही गप बसलासा."

"हां."

"तुम्ही खावा. मला नको. पर लपवू नगासा," ती म्हणाली, आणि मग, "माझं पान काढा."

तिनं खरं भरलं. सकाळी काही नाही. दुपारी दीड वाजता भाकरी आणि उरलेलं कोरड्यास, म्हणजे भाजीचा तळाशी राहिलेला रस्सा. ते किती वाट्या, असा प्रश्न होता. तिनं हाताच्या तळव्याचा खळगा करून दाखवला. मी अर्धी वाटी लिहिली. दूध शून्य. फळ शून्य. संध्याकाळचं काही नाही. रात्री भात, आणि आमटी उरली तर आमटी.

"तिन्हीसांजेला मला लई भूक लागती," ती म्हणाली. "त्याला रकाना हाय का?"

नव्हता. खाल्लेल्याला रकाने होते, भुकेला नव्हता.

शेवटचं बटण दाबल्यावर तिची रेघ एकदम खाली गेली आणि लाल झाली. ती जरा हसली. "खरं लिवलं की लाल झालं," म्हणाली. तीन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होतो, आणि तेही असल्या कारणानं.

घरी माझे आईवडील होते. आम्ही चौघंच. जेवायला आधी वडील बसायचे, त्यांच्याबरोबर मी असलो तर मी, मग आई, आणि सगळ्यांत शेवटी ती, चुलीजवळच. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. कुणी तिला कमी वाढत नव्हतं. तिला कुणी वाढतच नव्हतं.

त्या आठवड्यात एके दिवशी जेवताना मी म्हणालो, "आपण सगळेच एकदम बसूया की."

"मग वाढायचं कुणी?" आई म्हणाली.

"मधे ठेवायचं. ज्यानं त्यानं घ्यायचं."

"हाटेलात बसल्यावानी?"

वडिलांनी मान वर केली नाही. विषय तिथंच संपला. मला वाद घालायचा कंटाळा आला होता. खरं म्हणजे त्या दिवसांत मला सगळ्याचाच कंटाळा होता, दवाखान्याचा, रिपोर्टचा, पावणे आले की "काय विशेष?" म्हणून विचारायचे त्याचा.

फॉर्मची एक प्रिंट घरात पडली होती. एका दुपारी आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं ती उचलली, उलटसुलट केली आणि मला म्हणाली, "ह्यात काय लिवलंय ते वाच बघू. सूनबाईला घेऊन कुठं कुठं फिरतोयस ते तरी कळू दे."

मी वाचून मराठीत सांगायला लागलो. काल सकाळी काय खाल्लं?

"कुणी, मी?" आई म्हणाली.

मी तिला विचारत नव्हतो, पण म्हणालो, "हां, तू."

"चहा. आन् शिळी भाकरी असंल तर चतकोर."

दुपारी?

"तुम्ही उठल्यावर जे हुतं ते."

दूध?

तिनं फक्त शेंग फोडली.

फळ किती खाल्लं?

"एकादशीला केळ खाल्लं. अर्धं. अर्धं तिला दिलं," तिनं स्वयंपाकघराकडं मान हलवली.

आधी किती बाळंतपणं झाली, किती वाया गेली, असा पुढचा प्रश्न होता. तो मी गाळणार होतो, पण कागद तिच्या हातात होता आणि माझं बोट त्या ओळीवर थांबलं होतं. "ते काय हाय?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"तुझ्या आदी तीन गेली," ती म्हणाली. "एक तर सात म्हयन्याचं हुतं. तवा कोण इचारतंय काय खाल्लंस म्हणून? सासू म्हणायची, तुझ्यातच काय तरी खोट हाय." तिनं फोलपटं पदरातनं झाडली. "आन् मी बी सूनबाईला मनात तेच म्हणत हुतो."

त्याआधी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तेहतीस वर्षांचा होतो.

यानंतर आई बदलली असं म्हणणार नाही. तिची जीभ तशीच राहिली. पण दुसऱ्या दिवशी डेअरीला दूध घालायच्या आधी तिनं एक तांब्या बाजूला काढून ठेवला. वडील म्हणाले, "आज दूध कमी दिसतंय." आई म्हणाली, "म्हशीला इचारा." सकाळी भाकऱ्या थापताना पहिली भाकरी तव्यावरनं उतरली की ती सुनेच्या पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, "खा आदी. का तुझ्या मॅडमला मीच तोंड दाखवायचं?" बायको उभ्या उभ्या खायची, पण खायची. तिन्हीसांजेला गूळ-शेंगदाणे. गोळ्या जेवणानंतर घ्यायला लागली, तसं ढवळायचं थांबलं.

मीही पाच-सहा महिने तंबाखू सोडली. नंतर परत धरली. त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

दर सोमवारी आम्ही राजारामपुरीला जायचो. कॅफेवाला आता ओळखायला लागला होता, कोपऱ्यातली केबिन द्यायचा. तिला माउस चांगला जमायला लागला. परदेशातली ती माणसं सल्ले द्यायची, जमेल तर सॅमन मासा खा, ओट्स खा, रोज अर्धा तास चाला. "ह्यास्नी सांगा," ती म्हणाली, "धारा काढायला गोठ्यात जातो त्यो अर्धा तास धरा म्हणावं." मी तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं की ते धरता येईल. त्या दिवशी ती खूश होती. नंतर कधीतरी साईट उघडायची बंद झाली. नुसतं पांढरं पान यायचं. आम्ही आणखी दोन सोमवार जाऊन बघितलं आणि मग जायचं सोडलं.

दीड वर्षानं तिला दिवस गेले. हिमोग्लोबिन तेव्हा साडेदहा होतं. तिसरा महिना संपेपर्यंत घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. मी ऑफिसात फोन वाजला की दचकायचो. पाचवा गेला, सातवा गेला. मुलगी झाली, जरा लहानखुरी, पण नीट. मी मॅडमना विचारलं, खाण्यानं झालं का हो हे? त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका. खाल्लं ते चांगलं झालं, एवढंच."

आईनं तीन महिने बाळंतिणीला जपलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीची भाकरी. पुढं आईचे गुडघे गेले, मुलगी रांगायला लागली, माझी शिफ्ट बदलली. दूध परत सगळंच्या सगळं डेअरीला जायला लागलं. ते कधीपासून, हे मला आठवत नाही. हेच मला सगळ्यांत जास्त लागतं.

मुलगी दोन वर्षांची असताना एकदा मी अंगात ताप म्हणून दुपारी घरी आलो. बायको चुलीजवळ बसून जेवत होती. ताटात भाकरी आणि खर्डा, मुलीच्या वाटीतला उरलेला कालवलेला भात. भाजी संपली होती.

"एवढंच?" मी म्हणालो.

"बास झालं की."

"मॅडमनी काय सांगितलं होतं?"

तिनं घास गिळला. "ते पोरगीसाठी हुतं," ती म्हणाली. "झाली की पोरगी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पुढचा घास घेऊन ती मुलीला हाक मारायला लागली. मी तिथंच टेकलो. ती साईट, मॅडम, आई, मी, आम्ही सगळ्यांनी तिला तेच सांगितलं होतं. होणाऱ्या मुलासाठी खा. स्वतःसाठी खा असं तिला त्या दीड वर्षात कुणी म्हणालं नव्हतं. मीही नाही.

त्या आठवड्यात मी तिला रक्त तपासायला नेलं. ती येत नव्हती, कशाला म्हणून विचारत होती. नऊ निघालं. मॅडमनी त्याच गोळ्या लिहून दिल्या. आता मी सकाळची शिफ्ट नसेल त्या दिवशी डेअरीला जायच्या आधी दूध बाजूला काढतो आणि ती पिईपर्यंत तिथंच थांबतो. शिफ्ट असली की काढायचं राहून जातं. ती स्वतः होऊन कधी काढत नाही.